हलक्या लिनक्सवर ॲड-ऑन बसत नाहीत? आधी घड्याळ बघा, मग ब्राउझर

प्रश्न असा आला आहे. निलंगा तालुक्यात एक ताई स्पर्धा परीक्षा देणाऱ्या लेकरांसाठी अभ्यासिका चालवतात. तिथे पाच जुने डेस्कटॉप आहेत, सगळे जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरचे, २ जीबी रॅमचे. एका विद्यार्थ्याने तीनवर लुबंटू १८.०४ आणि दोनवर पपी लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी हलकी, मोफत लिनक्स टाकून दिली. लुबंटूच्या फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं ॲड-ऑन टाकायला गेलं की फाइल खराब असल्याचा संदेश येतो. पपीवर बऱ्याचदा डाउनलोडच होत नाही, आणि कधी बसलंच तर दुसऱ्या दिवशी ते नसतं. यूट्यूबवरची लेक्चर अडखळतात. शिवाय दहावीच्या विज्ञानाची एक जुनी सीडी आहे, ती फ्लॅश प्लगइन मागते. ताई विचारतात, कोणकोणते प्लगइन टाकू आणि कसे?

ताई, नमस्कार. मी परभणीत जुने संगणक दुरुस्त करून शाळांना आणि अभ्यासिकांना लावून देतो, पंधरा-सोळा वर्षं झाली. तुम्ही लिहिलेल्या अडचणी एकसारख्या दिसतात, पण प्रत्येकीचं मूळ वेगळं आहे. त्यातल्या दोन तर ॲड-ऑनच्या नाहीतच.

आधी 'प्लगइन' या शब्दाचा गोंधळ मिटवू. पूर्वी फ्लॅश, जावा, पीडीएफ हे सगळं ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या तुकड्यांवर चालायचं. ती पद्धत नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातली. क्रोमने लिनक्सवर ती २०१४ मध्येच बंद केली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीचे सगळे प्लगइन काढले आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅशही काढलं. म्हणून आज कोणी "हा प्लगइन टाका, सगळं चालेल" म्हणून फाइल दिली तर ती घेऊ नका. आता उरले आहेत ते ॲड-ऑन, म्हणजेच एक्स्टेन्शन. ते ब्राउझरच्या आत राहतात आणि मोझिला या फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असल्याशिवाय फायरफॉक्स त्यांना आत घेत नाही. त्याशिवाय दोन छोटे घटक फायरफॉक्स स्वतःच आणतो. एक सिस्को कंपनीचा ओपन-एच-२६४, तो मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी. दुसरा गुगलचा वाइडवाइन, तो पैसे भरून बघायच्या सिनेमा-मालिकांसाठी. कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकदम दाबा, डावीकडे 'प्लगइन्स' म्हणून रकाना दिसेल, त्यात हेच दोघं असतात. अभ्यासिकेला वाइडवाइनचं काही काम नाही, तो नसला तरी बिघडत नाही.

आता पपीची तक्रार, कारण ती मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. पुढच्या वेळी डाउनलोड झालं नाही की ॲड-ऑनला हात लावायच्या आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. वेळ नाही, तारीख बघा. आणि वर्ष बघा.

जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत मला अशाच कामासाठी बोलावलं होतं. सहा संगणक, त्यातल्या चारवर एकही ॲड-ऑन बसत नव्हतं. तिथल्या सरांनी फायरफॉक्स तीनदा काढून तीनदा टाकला होता. मी पहिला संगणक सुरू केला तर तारीख होती १ जानेवारी २००९. शाळा सुटली की शिपाईमामा खोलीचा मेन स्विच बंद करायचे. विजेची काळजी म्हणून ते बरोबरच होतं. पण वीज पूर्ण बंद असली की मदरबोर्डवरचं घड्याळ फक्त एका छोट्या गोल सेलवर चालतं. तो सेल मेला की रोज सकाळी संगणक त्याच जुन्या तारखेला उठतो. आज कुठलीही साइट उघडताना ब्राउझर तिचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, तपासतो: हे कधीपासून लागू आणि कधीपर्यंत. संगणकाला २००९ साल वाटत असेल तर आजचं प्रत्येक सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. मग तो जोडणीच नाकारतो. आपल्याला मात्र वाटतं नेट गेलं, डोंगल बिघडला, ॲड-ऑन बिघडलं. लुबंटू नेट मिळाल्यावर थोड्या वेळात स्वतःच वेळ जुळवून घेतं, म्हणून तिथे ही अडचण लपून राहते. पपीत ते आपोआप होईल असं धरून चालू नका.

सेल बदलणं घरचं काम आहे. पॉवरची वायर भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. डाव्या बाजूचा पत्रा काढा. मदरबोर्डवर नाण्यासारखा चकचकीत गोल सेल दिसेल, त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. त्याच्या कडेला एक बारीक धातूची पट्टी असते, ती नखाने बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल आपोआप वर उडतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर ठेवा. घड्याळाच्या कोणत्याही दुकानात तीस-चाळीस रुपयांत मिळतो. मल्टीमीटर असेल तर जुना सेल तपासा, अडीच व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर तो कामातून गेलेला समजा. मग संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये जा, तारीख-वेळ भरा आणि एफ-१० दाबून साठवा. त्या शाळेत चार सेल बदलले आणि ॲड-ऑन तिथल्या तिथे बसले. पाचही संगणकांचे सेल एकदमच बदला. ज्या वयाचे ते संगणक आहेत, उरलेले सेलही वर्षभरात जाणारच.

आता लुबंटूची तक्रार. इथे घड्याळ बरोबर असूनही ॲड-ऑन बसत नाही, कारण ब्राउझरच जुना आहे. लुबंटू ज्याच्यावर उभं आहे त्या उबंटू १८.०४ चे नेहमीचे अपडेट मे २०२३ मध्ये थांबले. म्हणजे तुमचा फायरफॉक्स त्याच सुमाराला गोठला. 'हेल्प'मध्ये 'अबाउट फायरफॉक्स' उघडून आवृत्ती बघा. ॲड-ऑनवरच्या सह्या तपासायला फायरफॉक्सच्या पोटात एक मूळ सर्टिफिकेट असतं. जुन्या आवृत्त्यांमधल्या त्या सर्टिफिकेटची मुदत १४ मार्च २०२५ ला संपली. १२८ च्या आधीची आवृत्ती, किंवा लांब मुदतीच्या ईएसआर मालिकेत ११५.१३ च्या आधीची, तुमच्याकडे असेल तर तिला नवी सही खरी वाटतच नाही. म्हणून चांगली फाइलही तिला खराब दिसते. कुठल्या तरी सेटिंगमध्ये जाऊन सही तपासणं बंद करण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल, तो मानू नका. जिथे लेकरं अर्ज भरतात आणि फीचे पैसे भरतात तिथे ते कुलूप काढायचं नाही. ब्राउझर नवा करायचा.

आणि इथेच मला त्या विद्यार्थ्याची एक चूक दुरुस्त करायची आहे. त्याने कष्टाने आणि मनापासून काम केलं आहे, त्याला हे नीट समजावून सांगा. २ जीबी रॅम दिसली म्हणून त्याने ३२ बिटचं लुबंटू टाकलं असणार. पण कोअर टू ड्युओ हा ६४ बिटचाच प्रोसेसर आहे, २००६ मध्ये आला तेव्हापासून. खात्री करायची तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'एल-एस-सी-पी-यू' ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत सलग टाइप करा आणि एंटर दाबा. वरच्या दोन-तीन ओळींतच ३२ आणि ६४ असे दोन्ही आकडे दिसतील. ३२ बिटच्या लिनक्सवर आता रस्ता संपत आला आहे. क्रोमने तो मार्च २०१६ मध्येच सोडला. फायरफॉक्सची ३२ बिट लिनक्सवर चालणारी शेवटची नेहमीची आवृत्ती १४४, आणि ईएसआर १४० ला सप्टेंबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याचं मोझिलाने जाहीर केलं आहे. डेबियन या दुसऱ्या मोफत लिनक्सनेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं बंद केलं. मग ६४ बिट चालणाऱ्या संगणकाला ३२ मध्ये कोंडून ठेवायचं कशाला?

तीन लुबंटूवाल्या संगणकांवर ६४ बिटचं डेबियन टाका आणि इन्स्टॉल करताना डेस्कटॉप म्हणून एलएक्सडीई किंवा एलएक्सक्यूटी यातला एक हलका पर्याय निवडा. मी हेच लावतो. ६४ बिटवर ब्राउझर थोडी जास्त रॅम खातो, ते खरं आहे. पण डेबियनमध्ये फायरफॉक्स ईएसआर साध्या पॅकेजच्या रूपात येतो, त्याला सुरक्षा अपडेट नियमित मिळतात आणि जुन्या संगणकावर तो लवकर उघडतो. नवं लुबंटू घेतलंत तर तिथे फायरफॉक्स स्नॅप नावाच्या डब्यात बंद होऊन येतो. जुन्या हार्डडिस्कवर पहिल्यांदा उघडायला तो इतका वेळ घेतो की लेकरं दोनदा-तीनदा क्लिक करून चार खिडक्या उघडून ठेवतात. लुबंटूच हवं असेल तर मोझिलाच्या स्वतःच्या पॅकेज-भांडारातून फायरफॉक्स घ्या, ही सोय २०२४ पासून आहे.

रॅमचं बोललो आहे तर सांगतो. त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर ४ जीबी चालते. जुन्या बाजारात डीडीआर-२ चा २ जीबीचा तुकडा शोधा. तो मिळाला तर कुठल्याही ॲड-ऑनपेक्षा जास्त फरक पडेल. मिळाला नाही तर झेडरॅम चालू करा. त्यात रॅममधलीच न वापरलेली माहिती दाबून ठेवली जाते आणि हार्डडिस्कची खडखड कमी होते.

आता ॲड-ऑन. २ जीबीवर मी एकच कायम ठेवतो, यूब्लॉक ओरिजिन. रेमंड हिल यांनी ते लिहिलं आहे, फुकट आहे. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी ॲड-ऑन आहेत, म्हणून 'ओरिजिन' हा शब्द आणि लेखकाचं नाव दोन्ही बघूनच बटण दाबा. लोक मला म्हणतात, रॅम कमी आहे तर हे कशाला आणखी? ते स्वतः थोडी रॅम घेतं, पण मराठी बातम्यांची एखादी साइट उघडून बघा: बातमी चार ओळींची आणि भोवती हलत्या जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ. ते सगळं उतरलंच नाही तर वाचलेली रॅम कितीतरी जास्त होते, डोंगलचा डेटाही वाचतो. त्याच्या सेटिंगमध्ये मोठ्या आकाराची चित्रं-व्हिडिओ अडवण्याची एक खूण आहे. महिन्याच्या शेवटी डेटा संपत आला की ती लावा. फिल्टरच्या याद्या मात्र मुळात जेवढ्या चालू आहेत तेवढ्याच राहू द्या. सगळ्यांवर टिचक्या मारल्या की जुना प्रोसेसर दमतो. हे पूर्ण ॲड-ऑन क्रोममध्ये आता चालत नाही, तिथे त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते. अभ्यासिकेत फायरफॉक्सच ठेवा म्हणतो त्याचं हे एक मोठं कारण.

पाच ठिकाणी पाचदा डाउनलोड करायची गरज नाही. एका संगणकावर फायरफॉक्समध्ये ॲड-ऑनचं पान उघडा, 'ॲड टू फायरफॉक्स' या बटणावर उजवी क्लिक करून 'सेव्ह लिंक ॲज' निवडा. एक्स-पी-आय शेपटीची काही एमबीची फाइल मिळेल. ती पेनड्राइव्हवर घ्या. बाकीच्या संगणकांवर कंट्रोल-शिफ्ट-ए, मग दातेरी चाकाचं चिन्ह आणि 'इन्स्टॉल ॲड-ऑन फ्रॉम फाइल'. नेट नसलं तरी बसतं, आणि नेट आलं की पुढचे अपडेट ते स्वतः घेतं.

पपीवर हेच करताना एक अडचण येते. पपीत आपण मालक म्हणून, म्हणजे रूट म्हणून काम करतो, पण नव्या पपींमध्ये ब्राउझर बऱ्याचदा 'स्पॉट' नावाच्या मर्यादित वापरकर्त्याच्या नावाने चालतो. ते सुरक्षेसाठी चांगलंच आहे. मात्र फाइल भलत्याच फोल्डरमध्ये ठेवली तर ब्राउझरला ती वाचता येत नाही. 'स्पॉट'च्या डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवा, तिथून उघडेल.

आणि दुसऱ्या दिवशी ॲड-ऑन गायब होण्याचं कारण पपीच्या स्वभावातच आहे. पपी सगळंच्या सगळं रॅममध्ये चढून चालतं. तुम्ही केलेले बदल टिकतात ते एका वेगळ्या सेव्ह-फाइलमध्ये. पहिल्यांदा बंद करताना पपी विचारतं, साठवायचं का? तिथे कोणी 'नको' म्हटलं असेल किंवा थेट मेन स्विच दाबला असेल तर काहीच टिकत नाही. सेव्ह-फाइल आहे आणि तरीही गायब होत असेल तर ती भरली असण्याची शक्यता मोठी. तिचा आकार बनवतानाच ठरतो आणि ब्राउझरची साठवण तो दोन-तीन आठवड्यांत गिळून टाकते. मेनूतल्या 'युटिलिटी'मध्ये ती वाढवायचं साधन आहे. वाढवा आणि फायरफॉक्सची जुनी साठवणही साफ करा.

पण तुमच्या जागेसाठी मी वेगळंच सुचवेन. पपीचा विसराळूपणा अभ्यासिकेला उपयोगाचा आहे. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या पपीत एकदा ॲड-ऑन टाका, सेटिंग लावा, मराठी टायपिंग बघा आणि डेस्कटॉपवरच्या 'सेव्ह'ने साठवा. त्यानंतर रोज बंद करताना साठवू नका. एखाद्या लेकराने अर्ज भरून लॉगआउट केलं नसेल तरी संगणक बंद झाला की त्याचं काहीच मागे राहत नाही.

डेबियनच्या संगणकांवर हीच शिस्त एका फाइलने लावता येते. फायरफॉक्सला 'पॉलिसीज डॉट जेसन' नावाची फाइल देता येते, ती 'ईटीसी'मधल्या 'फायरफॉक्स' फोल्डरच्या आत 'पॉलिसीज' या फोल्डरमध्ये ठेवायची. त्यात लिहिता येतं की यूब्लॉक ओरिजिन बसलेलंच हवं, दुसरं कोणतंही ॲड-ऑन कोणी टाकू नये, आणि ब्राउझर बंद होताना इतिहास आणि कुकीज पुसाव्यात. ती फाइल एका संगणकावर नीट जमली की तीच डेबियनच्या तिन्ही संगणकांवर चालते. तुमच्या त्या विद्यार्थ्याला हे काम द्या, तो करेल. इतकं बंधन कशाला, असं वाटेल. पण मोफत व्हीपीएन, पीडीएफ बदलणारे, व्हिडिओ उतरवणारे असे बरेच ॲड-ऑन बसताना 'सर्व साइटवरची तुमची माहिती वाचण्याची' परवानगी मागतात आणि लेकरं न वाचता 'हो' म्हणतात. त्याच संगणकावर दुसऱ्याचं आधार, बँक, परीक्षेचं खातं उघडतं. या एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही.

यूट्यूबचं अडखळणं. यूट्यूब शक्यतो व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ पाठवतं. तो उलगडायला कोअर टू ड्युओची ताकद पुरत नाही. जुनी एच-२६४ पद्धत त्याला झेपते. 'एनहान्स्ड एच-२६४-इफाय' नावाचं ॲड-ऑन आहे, ते यूट्यूबला नव्या पद्धती आणि सेकंदाला ६० चित्रांचा व्हिडिओ पाठवू देत नाही. एवढं एक दुसरं ॲड-ऑन ठेवा, वरच्या फाइलमध्ये त्यालाही परवानगी द्या आणि व्हिडिओ ४८० वर बघा. फळ्यावरची अक्षरं ४८० वर वाचता येतात. व्हिडिओ सुरूच होत नसेल तर ब्राउझरला नव्हे, सिस्टीमला कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा घटक, हवा आहे. पॅकेज मॅनेजरमध्ये 'लिब-एव्ही-कोडेक' शोधून टाका.

आणि एप्रिल-मेमध्येच जास्त अडखळत असेल तर पंखा बघा. आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, प्रोसेसरवरची पेस्ट इतक्या वर्षांत वाळून खडू झालेली असते, पंख्यात धुळीची गादी. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतः कमी करतो. ब्रशने धूळ काढा, जुनी पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा.

राहिली विज्ञानाची सीडी. ॲडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यांचा प्लेअर स्वतःच चित्र दाखवायला नकार देतो. जुना प्लेअर शोधत बसू नका, त्या नावाने मिळणाऱ्या फाइलींत व्हायरस असण्याची भीतीच जास्त. 'रफल' नावाचं ॲड-ऑन घ्या (वरच्या फाइलमध्ये त्यालाही परवानगी लागेल), ते फ्लॅशच्या फाइली स्वतः वाचून दाखवतं. सीडी उघडून एस-डब्ल्यू-एफ शेपटीच्या फाइली शोधा आणि रफलच्या प्लेअर-पानावर एकेक उघडून बघा. बटण दाबलं की हृदयाचा कप्पा रंगतो, अशा धाटणीचे जुने साधे ॲनिमेशन बहुतेक चालतात. नंतरच्या काळातले गुंतागुंतीचे काही अडतात. सीडीत फक्त विंडोजची ई-एक्स-ई फाइल असेल तर रफलचा उपयोग नाही.

सीडी चाललीच नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तिच्यापेक्षा चांगलं साहित्य आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा उपक्रम २००२ मध्ये नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्यांचे नवे प्रयोग कुठल्याही प्लगइनशिवाय ब्राउझरमध्ये चालतात आणि अनेक मराठीत आहेत. विद्युत मंडळ जोडायचा प्रयोग एकदा लेकरांसमोर उघडा: तार ओढा, बल्ब लावा, पेटतो. असा प्रत्येक प्रयोग एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येतो, मग नेट नसलं तरी चालतो. नव्या डेबियनवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर 'फॉन्ट्स-देवा' नावाचं पॅकेज टाका.

या आठवड्यात पाचही उघडू नका. एकच लुबंटूवाला घ्या: सेल बदला, त्यातलं लेकरांचं साहित्य पेनड्राइव्हवर काढा, डेबियन टाका, दोन ॲड-ऑन, ती एक फाइल. चार-पाच दिवस लेकरांना वापरू द्या. काय अडतंय ते वहीत लिहायला सांगा, संदेश इंग्रजीत आला तर जसाच्या तसा उतरवून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. तो फोटो आणि 'अबाउट फायरफॉक्स'मधला आवृत्तीचा आकडा मला पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.